तुम्ही विचारलंत म्हणून: गोठलेल्या दलदलीचे वय

उत्तर स्वीडनमधील आबिस्कोजवळच्या स्टोरडालेन दलदलीत मी काही उन्हाळे मोजमापे घेतली आहेत, हे कळले की हमखास विचारले जाते, ‘‘तिथली जमीन हजारो वर्षे गोठलेलीच आहे ना? मग एक-दोन अंशांनी तिचे काय बिघडणार?’’

या प्रश्नात दोन वयांची गल्लत होते. पीट, म्हणजे पाण्याखाली प्राणवायूअभावी पुरते न कुजता साचलेले शेवाळ आणि गवत, खरोखर जुने आहे. हिमयुग ओसरल्यावर ते उत्तरेत वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर या गतीने साठत गेले. त्याचे गोठणे मात्र अनेक ठिकाणी फार नंतरचे आहे. गेल्या काही हजार वर्षांत हवामान पुन्हा थंडावले, तेव्हा आधीच तयार असलेल्या दलदलीत गारठा उतरला, आत बर्फ वाढला आणि जमीन फुगून वर आली. या उंचवट्यांना पाल्सा म्हणतात.

पाल्सा टिकतो तो पीटच्या घोंगडीमुळे. उन्हाळ्यात वरचे पीट वाळते आणि ऊन खाली पोहोचू देत नाही. शरदात ते भिजते आणि हिवाळ्यात गोठले की जमिनीतली ऊब त्यातून सहज निघून जाते. म्हणूनच वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या आसपास आले तरी आत बर्फ राहू शकतो, पण तो अगदी काठावर असतो.

सप्टेंबरमध्ये आम्ही पाल्सात लोखंडी सळई खुपसतो. हातभर गेली की ती खट्कन अडते आणि मनगटाला झिणझिण्या येतात. चार पावलांवर, जिथे कडा भेगाळून ढेकळे पाण्यात कलंडली आहेत, तिथे तीच सळई मुठीपर्यंत आत जाते आणि बुडबुडे वर येतात. त्यांत मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता अडवतो, आणि उत्तरेकडील पीटभूमींत सुमारे ४०० अब्ज टन कार्बन आहे, त्यातला जवळपास निम्मा पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे वर्षानुवर्षे गोठून राहणाऱ्या जमिनीच्या, प्रदेशात, हे आठवले की ते बुडबुडे पाहताना माझा जीव कासावीस होतो.

खचलेल्या खळग्यात नवे शेवाळ जोमाने वाढते आणि थोडा कार्बन पुन्हा साठवते, हेही सांगायला हवे. पण तिथले काळे पाणी उन्हाळ्यात ऊन शोषते आणि हिवाळ्यात वाऱ्याने वाहून आलेला भुसभुशीत बर्फ तिथेच साचून जमिनीची ऊब धरून ठेवतो. त्यामुळे पुढे एखादा हिवाळा कडक गेला, तरी एकदा खचलेला पाल्सा तेवढ्याने पुन्हा उभा राहत नाही.