अण्णांचा क्लोज

वाईत शूटिंगचं कुणाला फारसं कौतुक उरलेलं नाही. मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये दिसला ते 2004 साली, आणि आमच्याकडं कुणाचं ना कुणाचं युनिट येतच असतं. माझ्या वडिलांना तर शूटिंगचा रागच. अण्णा एसटीत 31 वर्षं कंडक्टर होते, त्यातली बरीचशी वर्षं वाई-महाबळेश्वर गाडीवर. "पसरणी घाटात ह्यांचा शॉट आणि पॅसेंजरच्या शिव्या मला," हे मी अभिनय शिकायला पुण्याला गेलो तेव्हापासून ऐकतोय.

आमची फिल्म लहान, पैसे त्याहून कमी, म्हणून घरातले सीन आमच्याच घरात लावलेले. वडिलांचं काम करणाऱ्या नटाच्या तारखा आदल्या दिवशी फिसकटल्या. दिग्दर्शक ओसरीवर डोकं धरून बसला होता आणि समोर अण्णा सुपारी कातरत होते. त्याच्या मनात काय आलं ते मला त्याच्या आधी कळलं.

"मला नाटकं जमत नाहीत," अण्णा म्हणाले. माझ्या विनवण्यांचा काही उपयोग झाला नाही. आई म्हणाली, "दोन दिवस घरात तीस माणसं फिरणार, तुम्ही बसणार कुठं? त्यापेक्षा त्यांच्यातच बसा." मग त्यांनी मानधन किती ते विचारलं, आणि त्याची पावती मिळेल का तेही.

पहिला सीन जेवणाचा. नट लोक अशा सीनला चिमणीएवढा घास घेतात, कारण मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसतो त्या शॉटमध्ये, ज्या शब्दावर कांदा उचलला त्याच शब्दावर क्लोजमध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्येही, तो उचलावा लागतो, आणि प्रत्येक टेकला ताट पुन्हा पहिल्यासारखं भरतात. हे अण्णांना सांगायचं राहिलं. ते खरंच जेवले. कंटिन्युइटीची मुलगी ताटाचा फोटो घेईपर्यंत पिठलं निम्मं झालेलं. तिसऱ्या टेकला चौथी भाकरी. "पुरे आता, शुगर आहे ना तुम्हाला," मी म्हणालो. "मग ताटात टाकू?" अखेर आईनं तोडगा काढला. उरलेलं सगळं गोठ्यात जाईल, कुणी काही टाकणार नाही. मग कुठं त्यांचे घास लहान झाले.

तेवढ्यात साउंडवाला ओरडला, "काकांच्या माइकला काहीतरी घासतंय!" कपड्याला लावायचा छोटा लेपल माइक शर्टाच्या आत डावीकडं लावलेला, आणि अण्णांचा हात दर दोन मिनिटांनी डाव्या खिशावर. पेन आहे ना, हे बघायची कंडक्टरकीतली सवय. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हात तिकडंच जातो. माइक उजवीकडं हलवला, तेवढ्यानं भागलं.

नावाचा घोळ मात्र निस्तरता निस्तरेना. सिनेमात मी सतीश. अण्णा प्रत्येक टेकला "बाळू".

"काका, सतीश म्हणा."

"ह्याला सतीश कसा म्हणू? बारशाला मी होतो."

मित्रांबरोबरचे सीन आधीच झालेले, त्यांत सगळे मला सतीश म्हणतात. दिग्दर्शकानं थोडा वेळ कपाळ चोळलं आणि म्हणाला, घरातलं नाव बाळू, बाहेरचं सतीश. बरोबरच होतं की. आमच्या गल्लीत एकाच नावाचा माणूस शोधावा लागेल.

दुसऱ्या दिवशी निरोपाचा सीन. रिवाज आधी मास्टर, मग क्लोज असा आहे, पण आदल्या दिवशी शहाणे झाल्यामुळं अण्णांचा क्लोज आधी घेतला. दहा वेळा तेच करून ते कंटाळायच्या आत. त्यांना एक शब्दही नव्हता, नुसतं ऐकायचं होतं. मी लेन्सला खेटून बसलो आणि क्यू, म्हणजे माझी वाक्यं, द्यायला लागलो. म्हणजे काय, आवाज दाटवला, मध्ये एक आवंढा गिळला. आठ वर्षांत जे काही शिकलो ते सगळं बाहेर काढलं.

"सर्दी झालीय का तुला?" अण्णांनी विचारलं. कॅमेरा चालू होता.

सगळं युनिट हसलं. मी हसलो नाही. कान तापले होते. ह्या माणसाला मी घर सोडताना खरंच सांगितलं होतं, आणि तेव्हा असला आवाज काढला नव्हता. पुढच्या टेकला वाक्यं नुसती सांगितली, उद्या सकाळची गाडी आहे असं सांगावं तशी. अण्णांनी मान खाली घातली, अंगठ्यानं सतरंजीचा सुटलेला दोरा आत खुपसला आणि तो बसला का ते पुन्हा बघितलं. दिग्दर्शक बराच वेळ कट म्हणाला नाही.

शेवटी रूम टोन. संवादांच्या मधल्या जागा भरायला त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतात. पंखा बंद, फ्रिज बंद, तीस माणसं जिथल्या तिथं उभी. अण्णा सगळ्यांकडं बघून उठले, हात जोडून मान खाली घातली. वीसेक सेकंद गेली असतील. मग ते माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "कोण गेलं रे?"

साउंडवाल्यानं हेडफोन काढले. "पुन्हा एक मिनिट."