तान्ह्या पोळ्याची गाडी

आर्वीपासून आत आमचं गाव. घरी बाबांची 1984ची येझदी मोटारसायकल आहे, कोठ्यात बैलं बांधायची त्याच जागेवर उभी असते, कारण बैलं विकली अन् येझदी नाही विकली. पोळ्याला बाबा तिला धुतात, हँडलला कुंकू लावतात, आई म्हणते मले कधी एवढं पुसलं नाई.

त्यात मागच्या दिवाळीला चुलतभावानं नवीन जावा आणली. दिसायला तीच जुनी, गोल हेडलाइट, टाकीला क्रोम, सिलिंडर एकच अन् सायलेन्सर दोन बाजूला दोन. आत मात्र फोर स्ट्रोक इंजिन, फ्युएल इंजेक्शन, अन् पुढे रेडिएटर, जो काळा करून लपवलाय पण दिसतोच. म्हैसूरचा जुना कारखाना, जिथं आधी जावा अन् मग येझदी बनायची, 1996ला बंद पडला अन् जावा हे नाव 2018ला पुन्हा शोरूममध्ये आलं, म्हणजे मधली बावीस वर्षं आमच्यासारख्यांनी नागपूरहून पार्ट शोधूनशोधून काढली.

येझदीची गंमत म्हणजे किक अन् गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, चालू झाली की खाली पाडायचा, मग तोच गिअर. पाहुणा न्यायला आला तर किक शोधतच राहते, त्यामुळे चोराची काळजी नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं टाकावं लागते. मी एकदा अंदाजानं ओतलं, जरा जास्तच, अन् ऐन मे महिन्यात प्लग काळा होऊन गाडी रस्त्यात बंद. बाभळीखाली बसून पॉलिश पेपरनं घासत होतो तर तीन जण थांबले. एकानं त्याच्या मामाच्या येझदीची पूर्ण कहाणी सांगितली, एकानं खर्रा दिला, तिसऱ्यानं दोन किकेत चालू केली अन् न विचारता फाट्यापर्यंत चक्कर मारून आला. भावाची गाडी बंदच पडत नाही, त्यामुळे तिच्यापायी कोणाची ओळख झाली नाही अजून.

मी त्याला चिडवतो, तुही गाडी तान्ह्या पोळ्याची हाय बे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकाचे लाकडी बैल घेऊन निघतात ना, सजवलेले, शिंगं रंगवलेली, पण लाथ मारत नाहीत अन् कडबा खात नाहीत. तो म्हणते, लाकडी असन, पण नागपूरले नेते अन् वापस आणते, तुहा खरा बैल आर्वीले तरी पोचते का? इथं मी गप्प बसतो, कारण आईला दवाखान्यात न्यायचं असलं की मी त्याचीच चाबी मागतो.

मला वाटलं होतं बाबा तरी माझ्या बाजूनं बोलतील. परवा ते जावावर बसले, सवयीनं डावा पाय दांड्यावर गेला, आत दाबाले पाहून रायले, दोनदा, तीनदा. भाऊ म्हणाला, "मोठेबाबा, बटन हाय."

अंगठा लावला, भुर्र झाली. बाबा क्षणभर गाडीकडे पाहत राहिले.

"मंग हे आमाले तवा काऊन नाई देल्लं बे यायनं?" म्हणाले, अन् वावराकडे निघून गेले.

तास झाला तरी आले नाहीत. मी आपला येझदीचा प्लग काढून घासत बसलो.