आईची वारी

आईची वारी तेवीस वर्षं चुकली नव्हती. यंदा गुडघ्यांनी हात टेकले. "त्यानं मला नाही बोलावलं यंदा, तुला बोलावलंय," एवढंच म्हणाली. मला कुणी काही बोलावलेलं ऐकू आलं नव्हतं. माळ घालून जेमतेम चार महिने झालेले, हरिपाठ तिसऱ्या अभंगानंतर नुसते ओठ हलवण्यावर, टाळ हातात घेतला की शेजारचा माळकरी माझ्याकडे बघायचा. तरी आळंदीहून निघालो. प्रस्थान गर्दीत पाठमोऱ्या टोप्यांपलीकडे काही दिसलं नाही.

पुण्याहून सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरचा, एकादशी, पोटात साबुदाणा. दिवे घाट चढताना मजा वाटत होती, सगळेच माउली माउली करत चढत होते. पाय गेला तो वर आल्यावर. डाव्या टाचेला सुपारीएवढा फोड. चप्पल काढावी तर डांबर पोळतंय, घालावी तर जीव जातोय. त्यात आमच्या पुढचा एक तरुण दर दहा पावलांवर थांबून फोटो काढणार आणि अख्खी रांग त्याच्यावर आदळणार. त्याला मनात ज्या शिव्या दिल्या त्या विठ्ठलाच्या नावाशेजारी लिहिता येणार नाहीत.

दिंडी पुढे गेली. मी रस्त्याकडेला बसलो. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी थांबली. बोलण्यावरून परभणीकडची. तुळस शेजारणीच्या डोक्यावर दिली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली.

"पाय दाव."

"राहू द्या आजी, घाण आहे."

"मग धुऊन आणून दावणार का?"

कमरेच्या पिशवीतून सुई काढली. पांढरा दोरा ओवला, काडी ओढून सुईचं टोक तापवलं. फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडून काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. दोऱ्यावरून पाणी हळूहळू बाहेर आलं. "कातडं सोलू नको," म्हणाली, चिमूटभर हळद दाबली आणि माझ्या त्या मळक्या पायाला हात लावून कपाळाला लावला. मी पाय ओढून घेतला, उशिरा. नाव विचारायचं राहिलं. पुढे रोज तुळशीवाल्या बायकांत तिला शोधत होतो. सगळ्या तशाच दिसायच्या.

सासवडला राहुटीत पोचलो तेव्हा जागर रंगला होता. कोपऱ्यात अंग टाकणार, तर विणेकरी बुवा समोर.

"माउली, तासभर वीणा घ्या."

"बुवा, मला चालीसुद्धा येत नाहीत."

"उभं राहता येतं ना?"

नेमकं तेच येत नव्हतं. पण ते वाकून पाया पडले, मीही पडलो आणि वीणा माझ्या गळ्यात आली. वीणा खाली टेकत नाही. बुवा सतरंजीवर आडवे झाले आणि घोरू लागले. तासाचे तीन झाले. मी एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत, एकच तार छेडत, चिडलेला. पहाटे काकड्याच्या आधी कधीतरी लक्षात आलं, की मघापासून मी बुवांकडे बघितलेलंच नाही.

नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, फलटण, वाखरी. कळसाला हात जोडून आईला फोन लावला.

"वीणा खाली टेकवली नाहीस ना?"

तिला कुणी सांगितलं कोण जाणे. "नाही," म्हणालो.

"आणि हरिपाठ झाला पाठ?"

"आई, इथे रेंज येत नाहीये," मी म्हणालो.