जुन्या पॉवर ॲम्पसाठी गोवा: हणजूण टाळा, म्हापशात सगळं तपासा, फोंड्याला जा

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात स्टेजवरचे जुने पॉवर ॲम्प (मोठे स्पीकर चालवणारी यंत्रं) मिळतात, हे सांगणं खोटं आहे. अख्खा बाजार पालथा घातला तरी कपडे, चामड्याच्या पिशव्या, मसाले आणि ढोल. ॲम्प एकही नाही. पावसाळ्यात तर तो भरतच नाही. बुधवार तिकडे वाया घालवू नका.

माल आहे तो साउंडवाल्यांच्या गोदामांत आणि भंगारात. जत्रेतली नाटकं, तियात्र (कोकणी संगीत नाटक), लग्नाचे बँड, नव्वदच्या दशकातल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्या, हे सगळं ज्यांनी वाजवलं ती यंत्रं तिथे धूळ खात पडली आहेत. पार्टीची कहाणी ऐकवून किंमत वाढवली जाते. कहाणीचे पैसे देऊ नका.

आता म्हापसा. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा नसते, म्हणून गुरुवारी सकाळी जा. एका शेडमध्ये क्राउन कंपनीचा डीसी-300ए हा पॉवर ॲम्प होता, मागणी 45 हजार. मूळ डीसी-300 हा 1967 चा. अमेरिकेतल्या एल्कहार्टमध्ये बनलेला, 8 ओहमला चॅनलमागे 150 वॅट देणारा. नावातलं डीसी म्हणजे डायरेक्ट कपल्ड. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नाही, कपॅसिटर नाही. आवाज स्वच्छ येतो तो त्यामुळे, आणि धोकाही त्यातच: एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पुरवठ्याचा सगळा डीसी (इथे अर्थ एकदिश वीज) थेट स्पीकरवर जातो आणि त्याची कॉइल जळते.

छोटा स्पीकर लावून हळू आवाजात गाणं वाजवून दाखवलं गेलं. याने काहीच सिद्ध होत नाही. झाकण उघडायला लावा. इथे एकाच हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) चार ट्रान्झिस्टरांची छपाई बाकीच्यांपेक्षा वेगळी, अक्षरं ताजी पांढरी, खालची धातू घासलेली. बोळ्यावर ॲसिटोन घेऊन पुसलं तर छपाई बोळ्यावर उतरली. म्हणजे बनावट. बनावट टीओ-3 मध्ये (धातूच्या डबीतल्या ट्रान्झिस्टरमध्ये) आतली चिप लहान असते. थंड असताना मल्टिमीटरवर बेस-एमिटर 0.6 व्होल्ट अगदी बरोबर दिसतो, आणि पूर्ण व्होल्टेजवर तापला की कलेक्टर-एमिटर शॉर्ट.

म्हणून हा क्रम सोडू नका. फेजच्या वायरीत 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब सीरिजमध्ये लावा (घरून न्या, आता दुकानात सहज मिळत नाही). स्पीकर न जोडता चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. दोन्ही चॅनलच्या आउटपुटवर डीसी मोजा: 50 मिलिव्होल्टच्या आत ठीक, 100 च्या वर दुरुस्ती, काही व्होल्ट असेल तर हात लावू नका. मग बल्ब काढा, योग्य फ्यूज घाला आणि डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राने) अर्ध्या तासात हळूहळू 230 व्होल्टपर्यंत चढवा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मोठ्या कपॅसिटरना अचानक पूर्ण व्होल्टेज सोसत नाही.

आता लोड, म्हणजे स्पीकरच्या जागी जोडायचा भार. 2000 वॅटचे तीन पाण्याचे हीटर समांतर जोडून पाण्याच्या बादलीत बुडवले की जवळजवळ 8.8 ओहम होतो. रिकाम्या बादलीत कधीच नाही. फोनवरून 200 हर्ट्‌झचा टोन द्या. स्वस्त मल्टिमीटर जास्त फ्रीक्वेन्सीला चुकतो. आउटपुट 23 व्होल्टला ठेवा, म्हणजे सुमारे 60 वॅट. क्लास एबी प्रकारच्या अशा ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण आवाजाला नव्हे, पूर्ण पॉवरच्या 40 टक्क्यांच्या आसपास. एकेक चॅनल दहा मिनिटं. म्हापशातला डावा चॅनल टिकला, उजव्याचा फ्यूज सहाव्या मिनिटाला उडाला. त्यानंतरही विकणारा म्हणतो, "साहेब, चाळीसला न्या". फुकट दिला तरी नको होता.

आणखी एक सापळा: अमेरिकेतून आलेल्या यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी (वीज आत घेणारी बाजू) 120 व्होल्टवर असू शकतो. दोन वाइंडिंग असतील तर समांतरचं सीरिज करून 240 होतं. एकच असेल तर बाहेरचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि फक्त 60 हर्ट्‌झसाठी बेतलेला कोर 50 वर 20 टक्के जास्त चुंबकीय फ्लक्स घेतो, गुणगुणतो, तापतो. मागची व्होल्टेजची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

फोंडा सोपा आहे. किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे आतल्या सर्किटच्या पाट्यांवर हिरवा गंज कमी, आणि नाटकांचे साउंडवाले झाकण उघडायला खळखळ करत नाहीत. तिथे एका ॲम्पमध्ये सगळे आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच तारीख-कोडचे, त्यांच्याखालच्या मूळ अभ्रकाच्या चकत्यांसकट! असं दिसलं की घासाघीस करत बसू नका, घ्या. थर्मल पेस्ट वाळलेली असणारच, ती घरी बदला.

न्यायची सोय आधी करा. वजन 20 किलोच्या वर जातं. पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून मांडीवर धरता येत नाही, आणि टॅक्सीवाला वजन बघून भाडं दुप्पट सांगतो. भाडं ॲम्प दाखवण्याआधी ठरवा. थिवी किंवा मडगावला रेल्वेत चढवताना ट्रान्सफॉर्मरच्या खाली जाड थर्माकोल द्या. नुसत्या पुढच्या पट्टीच्या कानांवर (दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या कडांवर) ॲम्प उचलला तर चासी वाकते.