हरकत नाही, म्हणून अर्ज

महापालिकेत अर्ज दिलात, की त्याची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाकीचं क्रमानं सांगायचा प्रयत्न करते, पण हे आधी सांगून टाकते, कारण या एका शिक्क्यापायी माझ्या तीन अर्ध्या रजा गेल्या आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोठा मोकळा भूखंड आहे. शहराच्या विकास आराखड्यात तो ट्रक तळासाठी राखीव. इतक्या वर्षांत ट्रक काही आले नाहीत, राडारोडा मात्र आला आणि त्यावर सुबाभळीचं रान माजलं. महापालिकेनं सभेत ठराव केला, की हे आरक्षण बदलून तिथं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी घरं बांधावीत. मंजूर आराखड्यात असा बदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी लोकांना एक महिना द्यावा लागतो. ती सूचना पेपरात आली होती म्हणे. आमच्याकडे कुणीही ती वाचली नव्हती. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला हरकतीचा तयार नमुना मात्र सगळ्यांनी वाचला. नाव घाला, सही करा, सेक्रेटरींकडे द्या. रविवारी दुपारपर्यंत गठ्ठा तयार.

नमुन्यात तीन मुद्दे होते: पाणी, पार्किंग आणि ‘परिसराचा दर्जा’. पाण्याचं दुखणं खरं आहे, एप्रिल लागला की आमच्याकडे टँकर सुरू होतात. पण तिसरा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं. मी इथं नऊ वर्षं भाड्यानं राहते. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवं भाडं. म्हाडाच्या सोडतीत तीनदा नाव घातलं, तीनदा अनामत परत आली. तेव्हा या परिसराच्या दर्जात मी नेमकी कुठं बसते हे मला कळेना. ग्रुपवर काही लिहिलं नाही. ठरवलं, आपण वेगळा अर्ज द्यायचा: प्रस्तावाला पाठिंबा, आणि सोबत दोन सूचना. आधी पाण्याची वाहिनी, मग इमारत. आणि तळमजल्यावर अंगणवाडीसाठी जागा.

नगररचना विभागात नकाशा पाहायला मिळाला, आरक्षण क्रमांक आणि सर्व्हे नंबर उतरवून घेतले, काही अडचण आली नाही. (अर्जात हे दोन्ही आकडे घालाच. नुसतं ‘आमच्या सोसायटीमागचा प्लॉट’ लिहिलंत तर त्यांना काही कळत नाही.) अर्जही एका बैठकीत लिहून झाला. मग मी खाली बारनिशीत, म्हणजे आलेले अर्ज नोंदवून घेतात तिथं, गेले.

खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

“हरकत काय आहे मॅडम?”

“हरकत नाहीये. पाठिंबा आहे.”

“मग अर्ज कशाला?”

मी म्हटलं, सूचनेत ‘हरकती व सूचना’ असं लिहिलंय, ही सूचना आहे. त्यांनी समोरचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. रकाने छापलेले: अनुक्रमांक, नाव, सर्व्हे नंबर, हरकतीचा थोडक्यात तपशील. सूचनेचा रकानाच नव्हता. “यात काय लिहू सांगा?” मलाही चटकन सांगता येईना. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. “तुमची हरकत नाही ना? मग ना-हरकतीचं टेबल दुसऱ्या मजल्यावर.”

आणि मी गेले! आता हसू येतं, पण खरंच दोन जिने चढून ना-हरकत दाखल्यांच्या रांगेत वीस मिनिटं उभी राहिले. पुढं मंडपाच्या परवानगीसाठी आलेला एक मुलगा होता. टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि “हे आमचं नाही” म्हणून परत दिला. खाली येईतो जेवणाची सुट्टी झाली होती.

दुसऱ्या खेपेला अर्जाच्या वर ठळक अक्षरात ‘विषय: सूचना’ असं लिहून गेले. या वेळी तेच गृहस्थ म्हणाले, “घराच्या खरेदीचा इंडेक्स टू जोडा, नाहीतर मिळकतकराची पावती.” मी भाडेकरू, माझ्याकडे यातलं काय असणार? भाडेकरार दाखवला, तर मालकाची सही असलेलं पत्र आणा म्हणाले. तिथंच उभी राहून घरमालकांना फोन लावला. ते सज्जन आहेत, पण फोनवर एकदम गप्प झाले. “ताई, मी त्या सोसायटीच्या कागदावर सही केलीय हो. दोन्हीकडं माझं नाव बरं दिसणार नाही.” त्यांचंही बरोबरच होतं. माझी मात्र दुसरी अर्धी रजा गेली.

त्या रात्री जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं: कलम ३७ उघडून वाचलं. त्यात ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ हरकती व सूचना मागवाव्यात असं सरळ आहे. मालक, मिळकतधारक, रहिवासी असली काहीही अट नाही. मला दोन दिवस परत पाठवणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं की माहीत असून कटकट नको होती, ते देव जाणे. त्या पानाची प्रत काढली, तो शब्द लाल पेनानं अधोरेखित केला आणि मुदतीला तीन दिवस उरलेले असताना तिसऱ्यांदा गेले.

खिडकीपाशी आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी उभे! त्यांचा जाडजूड गठ्ठा धडाधड आत जात होता. एकेका कागदावर शिक्का, एकेक आकडा. एकालाही इंडेक्स टू विचारला नाही. मला बघून म्हणाले, “अरे वा, तुम्हीपण आलात? ग्रुपवर काही बोलला नाहीत ते!” मी नुसती मान हलवली. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही, आणि त्याची लाज वाटली ती आजही वाटते.

माझा नंबर आला. अर्ज आणि वर ते लाल रेघेचं पान ठेवलं. गृहस्थांनी वाचलं, आत जाऊन साहेबांना दाखवलं. आतून आवाज आला, “घ्या हो, कशाला अडवताय?” बस. एवढंच लागत होतं. माझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख. मी त्या शिक्क्याकडेच बघत बसले आणि रजिस्टरच्या त्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते पाहायचं राहिलं. तुम्ही ही चूक करू नका.

अर्जावर मोबाईल नंबर घाला हेही सांगायचं राहिलं. सुनावणीचं पत्र टपालानं मला आदल्या संध्याकाळी मिळालं. फोन आला म्हणून आधी कळलं होतं, नाहीतर हुकलीच असती.

सुनावणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. झोपडपट्टी होईल, असं चौघं तरी म्हणाले. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याख्येप्रमाणं दुर्बल गटातलं घर म्हणजे ३० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र, सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास, आणि वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत. आपल्या सोसायटीचा वॉचमन यात बसतो, बालवाडीच्या बाईही बसतात. कुणीतरी मागून म्हणालं, मोठ्या प्रकल्पांत वीस टक्के घरं त्यांच्यासाठी ठेवायची योजना आहेच की. होती, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणं १० लाखांवर वस्तीच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तरच. आमच्या भागात आता उरलेत ते सगळे तुकडे.

आणखी एक गोष्ट मला तिथं बसल्या बसल्या जाणवली. ऑगस्ट २०२३ मध्ये म्हाडाची मुंबईतली सोडत झाली, ४,०८२ घरं, अर्ज लाखाच्या वर. घर हवं असलेले इतके लोक, पण त्या खोलीत त्यांच्यातला एकही नव्हता. कसा असेल? तो अजून आमच्या भागात राहायला आलेलाच नाही. आणि गठ्ठ्यांना वजन असतं. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूप आराखड्यावर असाच हरकतींचा पाऊस पडला, तेव्हा सरकारनं तो नव्यानं करायला लावला. त्यात चुका होत्या, लोक बरोबर होते, ते वेगळं. पण मोजले जातात ते येऊन विरोध नोंदवणारेच.

पुढं काही महिने शांतता. प्रस्ताव मंजुरीला शासनाकडं गेला एवढं तोंडी कळलं. मग दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात सुनावणीचा अहवाल मागितला. तीस दिवसांची मुदत असते, एकोणतिसाव्या दिवशी मिळाला. हरकतदारांच्या लांबलचक यादीत सेक्रेटरींच्या पाठोपाठ माझं नाव. तपशिलाच्या रकान्यात: ‘हरकत नाही’. त्यापुढं अभिप्राय: ‘हरकतीत तथ्य आढळून येत नाही. सबब अमान्य करण्याची शिफारस.’ सगळ्याच हरकती अमान्य झाल्या होत्या, म्हणजे मला हवं होतं तेच झालं होतं. पाण्याच्या वाहिनीचा आणि अंगणवाडीचा मात्र कुठंच उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पत्र घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर. गृहस्थांनी ओळखलं, खुर्ची पुढं ओढली, रजिस्टर उघडलं.

“बोला मॅडम. काय लिहू?”

“आता हरकत लिहा,” मी म्हटलं. त्यांनी लिहिली. मी वाकून वाचली, आणि मग पोच घेतली.