आंबा-काजूच्या छाटणीला बॅटरीवरची करवत की पेट्रोलचा कटर?

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेत चेन सॉचे, म्हणजे साखळी करवतीचे, काम वर्षभर थोडेथोडे निघत असते आणि त्यातले बहुतेक हलके असते. हापूसचा हंगाम संपला की कलमाच्या मधल्या दाट फांद्या विरळ करून आत ऊन घ्यायचे, वाळलेल्या फांद्या काढायच्या, बांडगूळ बसलेली फांदी त्याच्या गाठीच्या बऱ्याच खालून तोडायची, वाऱ्याने वाटेवर आडवे आलेले दूर करायचे. यांतली एखादीच फांदी मांडीएवढी जाड असते, बाकीच्या मनगटाएवढ्या नाहीतर पोटरीएवढ्या. तरीही कटर घ्यायचा म्हटले की आमच्याकडे बहुधा 52 किंवा 58 सीसीचा, 18 ते 22 इंची बारचा (चेन ज्या पट्टीभोवती फिरते ती) पेट्रोल कटरच घरात येतो. दोन्ही प्रकारची यंत्रे वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की अशा कामाला बॅटरीवरची करवत अधिक योग्य आहे. ताकदीत पेट्रोलचा कटर आजही पुढे आहे, पण छाटणीचे काम ज्या रीतीने चालते त्या रीतीला तो जुळत नाही.

छाटणी करताना चेन प्रत्यक्ष लाकडात किती वेळ असते, हे एकदा लक्षपूर्वक पाहावे. दहा-बारा सेंटिमीटर जाडीची ओली फांदी काही सेकंदांत तुटते. नंतर ती ओढून बाजूला घ्यायची, शिडी हलवायची, चार पावले मागे जाऊन झाडाकडे पाहायचे आणि पुढची कोणती घ्यायची ते ठरवायचे, यात मिनिटे जातात. एवढा वेळ पेट्रोलचे इंजिन चालू ठेवावे तर धूर आणि आवाज सोसावा लागतो आणि खालच्या गड्याला हाक ऐकू जात नाही, बंद करावे तर पुन्हा दोरी ओढणे आले. इंजिन गरम असताना सवयीने चोक दिला गेला तर ते ओव्हरफ्लो होते, मग प्लग काढा, पुसा, वाळू द्या. बॅटरीच्या करवतीचे बटण सोडले की चेन थांबते आणि पुढचा काप घालेपर्यंत वीज जवळजवळ खर्चच होत नाही.

बॅटरी किती पुरेल, ही शंका सगळ्यांनाच असते, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. 36 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 180 वॅट-तास ऊर्जा मावते. मोटर लाकडात सरासरी 1000 वॅट घेते असे धरले, तर सलग कापणी दहा-अकरा मिनिटेच चालेल. आकडा लहान वाटतो खरा, पण एका कापाला सहा सेकंद धरले तर त्यात शंभरेक काप बसतात. प्रत्यक्षात लाकूड सुके असेल, चेन बोथट असेल तर कमी होतात, तरी दोन बॅटऱ्या असतील तर एक माणूस फांद्या ओढून थकेपर्यंत करवत थांबत नाही. ती बॅटरी पूर्ण भरायला पाव युनिटही वीज लागत नाही.

पेट्रोलच्या यंत्राचा दुसरा त्रास हा की ते नेमके कमी वापरणाऱ्यालाच जास्त छळते. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळावे लागते, उत्पादकाने 50:1 सांगितले असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 सांगितले असेल तर 40 मिली. हे मिश्रण टाकीत तसेच राहिले आणि यंत्र दोन-तीन महिने कोपऱ्यात पडले की कार्ब्युरेटर चोंदतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. आमच्या पावसाळी हवेत त्याचा परिणाम कार्ब्युरेटरच्या पातळ पडद्यांवर आणि रबरी नळ्यांवर लवकर दिसतो. रोज लाकडे कापणाऱ्याची टाकी रोज रिकामी होते, त्यामुळे त्याला ही अडचण फारशी येत नाही.

मात्र जड कामाला मी आजही पेट्रोलचाच कटर बोलावतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत आंबे, फणस, नारळ, पोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथे बॅटरी भरणार कुठे आणि फणसाच्या जाड बुंध्यापुढे ती टिकणार किती? कॅलिफोर्नियाने 2024 पासून नव्या लहान पेट्रोल इंजिनांवर जे निर्बंध घातले, त्यांतूनही 45 सीसी आणि त्यावरच्या चेन सॉ बाहेर आहेत. पण असे बुंधे वर्षातून एकदा-दोनदा निघतात, आणि त्यासाठी स्वतःचे यंत्र घेऊन येणारा कटरवाला रोजावर मिळतो.

बॅटरीची करवत घेताना स्टिकरवरच्या व्होल्टला भुलू नये, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा असतो, पूर्ण भरल्यावर 4.2 चा. पाच सेल ओळीने जोडले की 18 व्होल्ट होतात आणि त्यालाच भरल्या अवस्थेत 21 म्हणतात. बाजारातल्या कित्येक स्वस्त मिनी करवतींवर 48 किंवा 88 असा आकडा छापलेला असतो आणि आत सेल पाचच असतात. शिवाय त्यांतल्या बहुतेकींना चेन ब्रेक, म्हणजे करवत उसळताच चेन थांबवणारा ब्रेक, नसतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून थेट अंगावर येते, आणि हलकी म्हणून ती एका हातात धरून शिडीवर चढणारा माणूस त्या झटक्याला अडवू शकत नाही. 12 ते 14 इंची बार, चेन ब्रेक आणि दोन्ही हातांची मूठ असलेलेच यंत्र घ्यावे. त्याला आवाज कमी म्हणून धोका कमी असे नाही, उलट जवळच्या माणसाला ते चालू असल्याचे कळतच नाही. चेनला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून खिशात ठेवण्याची सवय गड्यांनाही लावावी.

काप घालण्याची रीत यंत्र बदलल्याने बदलत नाही. फांदी बुंध्यापासून हातभर अंतरावर आधी खालून तिच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत कापायची, मग थोडे बाहेर सरकून वरून कापायची. नुसती वरून कापली तर ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल खालपर्यंत सोलत नेते. उरलेला खुंट कॉलरच्या, म्हणजे फांदी बुंध्याला मिळते तिथल्या, फुगवट्याशी नीट कापून त्यावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. करवतीवर दाब देऊ नये. धार चांगली असेल तर चेन आपोआप आत जाते आणि भुश्याऐवजी जाडसर कपचे पडतात. पीठ पडू लागले की गोल कानस घ्यावी. लहान करवतींवर पुष्कळदा येणाऱ्या 3/8 इंच लो-प्रोफाइल चेनला 4 मिमीची कानस लागते, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत, नाहीतर काप एका बाजूला वळतो. बॅटरीच्या यंत्राला तर हे जास्तच पाळावे लागते, कारण बोथट चेनने तिचा चार्ज डोळ्यांदेखत उतरतो.

चेन ऑईल मात्र दोन्हींना लागतेच. बारचे टोक सुक्या सागाच्या पानावर धरून चेन फिरवली आणि पानावर तेलाची रेघ उमटली, तर पंप चालू आहे. पावसाळ्यात करवत ठेवून देताना या तेलाची टाकी रिकामी करावी, आणि बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली न ठेवता निम्मी भरून, यंत्रातून काढून, कोरड्या कपाटात ठेवावी.