संस्था बुडाली तर कोण देणार?

उसाचं बिल खात्यावर पडलं की आमच्या घरी पाहुण्यांची वर्दळ वाढते. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. प्रत्यक्षात कधी येतात ते सांगलीच्या आसपासच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्यातूनही सोसायटीच्या पीककर्जाची कपात आधीच झालेली असते. पण उरलेल्या पैशाचा वास लोकांना बरोबर लागतो. कुणी पॉलिसी घेऊन येतं, कुणी प्लॉट. मागच्या हंगामात नात्यातले एक भाऊजी आले, चहा झाला आणि मामांना म्हणाले, "बँकेत ठेवून काय मिळतंय? आमच्या पतसंस्थेत दीड टक्का जास्त देतो की."

मामा म्हणजे माझे सासरे. रान हरिपूरला, अजून सायकलवर जातात. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि संस्था बुडाली तर कोण देणार?"

भाऊजी हसले. उत्तर काही आलं नाही.

उत्तर मी देते, कारण घरातले कागद माझ्याकडे असतात. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो. तो रिझर्व्ह बँकेचीच डीआयसीजीसी नावाची कंपनी देते, हप्ता बँक भरते. फेब्रुवारी 2020 च्या आधी हीच मर्यादा 1 लाख होती. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे, पतसंस्थेला नाही. पतसंस्था चांगली असू शकते, चेअरमन देवमाणूस असू शकतो, पण बुडाली तर मागे विमा उभा नाही. तो दीड टक्का याच धोक्याचा मोबदला.

आणि बँक म्हटलं तरी हिशेब नीट करावा लागतो. एका माणसाचे सांगली शाखेत 3 लाख आणि त्याच बँकेच्या मिरज शाखेत 4 लाख असतील तर ते 7 लाखच धरतात, आणि विमा 5 लाखांचा. त्यात व्याजही आलं. म्हणून आम्ही ठेव काठोकाठ भरत नाही. दोन वेगळ्या बँका, एक पावती मामांच्या नावावर, एक आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या.

भिशीला माझा विरोध नाही. शिवणाचे पैसे हातात राहिले तर साड्यांत जातात, भिशीत गेले तर फ्रिज येतो. पण गल्लीतल्या बायका ओळखीच्या आहेत म्हणूनच, आणि तीही रक्कम गेली तरी घर चालेल एवढीच.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या काठाजवळ. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. पाणी उतरल्यावर कपाटातल्या ठेवपावत्या मी कोमट तव्यावर एकेक करून वाळवल्या. शाई पसरली होती, नंबर कसेबसे वाचता आले. आता सगळ्याचे फोटो यांच्या आणि माझ्या मोबाईलमध्ये आहेत, आणि जूनमध्ये पिशवी माळ्यावर जाते. घराचा विमाही काढलाय, 'भारत गृह रक्षा'. 2021 पासून सगळ्या कंपन्यांना ही पॉलिसी ठेवावीच लागते, आणि त्यात पूर धरलेला आहे. गावभागात राहून गाडीचा विमा काढणारे आणि घराचा न काढणारे लोक बघितले की मला नवल वाटतं.

यांच्या खात्यातून वर्षाला 436 रुपयांचा 'जीवन ज्योती' आणि 20 रुपयांचा 'सुरक्षा' विमा जातो, दोन्ही सरकारी योजना. दोन्हींत 2-2 लाखांचं संरक्षण. दुसरा फक्त अपघाताचा. मेअखेर खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो, एवढं मात्र बघायचं.

आता राहिलं नॉमिनीचं. जाऊबाईंच्या माहेरी वडील गेल्यावर ठेव काढायला भावंडांना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले, कारण तो रकाना रिकामा होता. नोव्हेंबर 2025 पासून बँकखात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होतोच असं नाही. वाटणीचं वेगळं लिहून ठेवावं लागतं. मृत्युपत्राचा विषय काढला की मामा रानात निघतात, तेव्हा ते नंतर.

नॉमिनीचं काम सध्या अडलंय आत्यांपाशी. बँकेत त्यांच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. सोमवारी दोन्ही कागद घेऊन त्यांना शाखेत नेणार आहे.